जनपदोद्ध्वंस आणि फ्लू
चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागात शिष्य अग्निवेश विचारतो की, प्रकृती, आहार व वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात. त्यावर वायू, जल, देश आणि काल ही सर्वांची सामाईक असून ती बिघडली की जनपदोद्ध्वंस, म्हणजे अवघ्या प्रदेशाचा विनाश, ओढवतो आणि या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे, असे त्याचे गुरू आत्रेय सांगतात. १९१८ मध्ये मुंबईत शिरून हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या, साथीत दगावलेल्या गर्भवतीचा अधर्म कोणता, हा प्रश्न मात्र कर्मविपाकाने, म्हणजे पूर्वकर्माच्या फळाच्या सिद्धांताने, सुटत नाही, उलट निष्ठुर होतो. तो अधर्म सामाईक हवेविषयीच्या बेफिकिरीत शोधणेच न्याय्य, कारण फ्लूचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच श्वासावाटे पसरू शकतो, म्हणून दरवर्षीची लस घेणारा स्वतःबरोबर अनोळखी शेजाऱ्याचाही श्वास राखत असतो.