एका किल्लीचा धर्मविचार

जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा नेदरलँड्स येथील अनेक मोठ्या सुपरमार्केटांच्या दाराशी खरेदीच्या ट्रॉल्या एकीत एक शिरलेल्या अशा रांगेने उभ्या असतात, आणि प्रत्येकीच्या दांड्यावर एक लहानशी पेटी बसविलेली असून तिच्यातून निघालेली आखूड साखळी शेजारच्या ट्रॉलीच्या पेटीत खिट्टीने अडकविलेली असते. या पेटीच्या फटीत एक युरोचे नाणे सारले की आतला सरकता भाग पुढे जातो, खिट्टी बाहेर पडते, ट्रॉली मोकळी होते आणि नाणे आत कैद होऊन राहते; खरेदी आटोपल्यावर ट्रॉली रांगेत लावून शेजारची खिट्टी पुन्हा आपल्या पेटीत खुपसली म्हणजे ते नाणे सुटून हाती येते. येथे पहारेकरी नाही, पावती नाही, नावनिशीची नोंद नाही. सारा बंदोबस्त २३.२५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.३३ मिलिमीटर जाडीच्या एका चकतीवर सोपविलेला आहे.

या कुलपासाठी लोकांनी एक किल्ली काढली आहे. तिचे डोके नाण्याएवढे गोल आणि मान मात्र अरुंद असते, त्यामुळे डोक्याने सरकता भाग ढकलून खिट्टी बाहेर पडली की ती किल्ली पेटीत न अडकता परत ओढून घेता येते आणि जुडग्यासह खिशात टाकता येते. पुष्कळ जण ती घरच्या थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये घडवितात. आणि ती मानेपाशी वारंवार मोडते म्हणून तिचा आराखडा अधिक मजबूत कसा करावा, यावर काही कारागीर मनोभावे श्रम घेत असतात. ज्या कर्माला बांधून ठेवणारे तारण मनुष्याने आपल्याच हाताने सोडवून घेतले, ते कर्म त्यानंतर कोणत्या बळावर घडते, आणि तारण सोडविणारे साधन टिकाऊ करणारा कारागीर नेमका कशाचा भागीदार होतो, हा प्रश्न या क्षुद्र भासणाऱ्या वस्तूतून उभा राहतो; आणि तो मला धर्मविचाराच्या अगदी गाभ्याचा वाटतो.

नाणे घेऊन मगच दान देणारे यंत्र ग्रंथांतून आपल्याला प्रथम भेटते ते बाजारात नव्हे, देवळात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोने आपल्या ‘न्यूमॅटिका’ या ग्रंथात अशा एका पात्राचे वर्णन केले आहे की, ज्याच्या मुखातून पाच द्राख्मांचे नाणे आत टाकले म्हणजे ते तरफेच्या टोकावरील तबकडीवर पडते, तिच्या भाराने झडप उघडून शुद्धीचे जल वाहू लागते, आणि तबकडी कलून नाणे घसरले की झडप आपोआप मिटते. पुजाऱ्याची नजर, भाविकाची भीड, देणाऱ्याचा संकोच, या सर्वांचे काम त्या तरफेने एका क्षणात आपल्याकडे घेतले. ट्रॉलीच्या बाबतीत हे पुष्कळ उशिरा घडले. अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने १९३७ साली ती आणली तेव्हा तिला कुलूप नव्हते. ते आले ते वाहनतळावर बेवारस सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करण्याचा खर्च दुकानांना जाणवू लागल्यानंतर.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या व्यवहाराची जी पृथक्करणे केली आहेत, त्यांच्याइतकी उपयोगी चौकट मला अन्यत्र आढळली नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादाची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत पहिले ऋणादान आणि दुसरे निक्षेप होय. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. आणि ऋणाच्या प्रकरणात येणारा आधि म्हणजे सावकाराने ऋणकोकडून ठेवून घेतलेले गहाण. एकात देणारा विश्वास टाकतो, दुसऱ्यात घेणारा खातरजमा करून घेतो. सुपरमार्केटच्या दाराशी हे दोन्ही एकाच क्षणी घडतात: दुकान आपली ट्रॉली निक्षेप म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देते आणि त्याच्याकडून नाण्याचा आधि घेते. परंतु गहाणाचे मोल कर्जाची भरपाई करण्याइतके असावे ही सावकारीतील साधी दक्षता; येथे तर ट्रॉलीच्या किमतीपुढे एका युरोचे मोल काहीच नाही. ज्याला ट्रॉली पळवायचीच आहे त्याला हा सौदा विलक्षण स्वस्त पडेल. तेव्हा दुकानदाराच्या हानीची भरपाई करणे हे त्या नाण्याचे कार्य असूच शकत नाही.

याहून मोठे नवल पुढेच आहे. युरोपात नाण्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या चकत्या सर्रास वापरल्या जातात. कित्येकदा दुकानेच त्या जाहिरातीखातर फुकट वाटतात. अशी चकती पेटीत टाकून नेलेली ट्रॉलीदेखील लोक परत आणून लावतात, आणि ती कवडीमोलाची चकती काढून घेऊन समाधानाने घरी जातात. लोभ हेच जर या यंत्रणेचे चालक बळ असते तर चकतीने ते केव्हाच निकामी व्हावयास हवे होते. मनुष्याला परत खेचते ती किंमत नव्हे; आपले काहीतरी तेथे गुंतले आहे, एक व्यवहार अर्धा उघडा राहिला आहे, ही जाणीव त्याला परत खेचते. ममत्वाचा धागा किती बारीक असला तरी पुरतो याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. आणि वैराग्याचा उपदेश करणाऱ्यांनी संपत्तीइतकाच या बारीक धाग्याचा विचार का केला, हेही त्यावरून उमगते.

किल्ली हा शेवटचा धागाही कापते. ट्रॉली घेताना किल्ली खिशात परत जाते आणि त्या क्षणापासून दुकान व गिऱ्हाईक यांच्यामध्ये आधि उरत नाही, केवळ निक्षेप उरतो. परत आणताना हालचाली त्याच: तेच अंतर चालून जाणे, तीच रांग, तीच खिट्टी पेटीत दाबणे. मात्र दाबल्यावर काहीच बाहेर येत नाही. कर्म संपूर्ण, आणि त्याचे फळ म्हणून हाती पडणारे असे काही नाही. फलत्यागाची व्याख्या आपण पोथीतून शेकडो वेळा वाचलेली असते, परंतु एका कर्मातून त्याचे फळ इतक्या स्वच्छपणे वेगळे काढून दाखविणारा प्रसंग दैनंदिन व्यवहारात क्वचितच येतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचेच उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अनभिज्ञ गिऱ्हाइकाकडून अधिक दाम घेत नाही, लहान मुलालाही सर्वांच्याच भावाने माल देतो. परंतु तो हे आपली गिऱ्हाइकी टिकावी म्हणून करीत असेल तर त्याचे वर्तन कर्तव्याला अनुरूप असले तरी कर्तव्यबुद्धीतून उद्भवलेले नाही, असा कांटचा निर्वाळा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कांटच्या या विचारसरणीचा परामर्श घेऊन, कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला प्राधान्य देणारा गीतेचा पक्ष साक्षेपाने मांडला आहे. या दोघांच्याही कसोटीने पाहता, नाणे परत घेण्यासाठी आणलेली ट्रॉली आणि रिकाम्या हाताने आणलेली ट्रॉली रांगेत शेजारी शेजारी उभ्या असताना त्यांच्यात तिळमात्र भेद दिसत नाही, आणि तरीही त्या दोन भिन्न कर्मांच्या खुणा आहेत. हा भेद पाहणारा बाहेर कोणी नाही. साक्षीच्या प्रकरणात मनूने मनुष्याचा आत्माच त्याचा साक्षी आहे असे बजावले, ते खोट्या साक्षीदाराला उद्देशून. पण वाहनतळाच्या टोकाशी, पावसात, गाडीत सामान भरून झालेल्या मनुष्यालाही त्या साक्षीवाचून दुसरा साक्षी नसतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लाउकॉन एका मेंढपाळाची कथा सांगतो. गायजीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कथेतील अंगठी बोटावर फिरविली की मनुष्य अदृश्य होतो, आणि अदृश्य होताच तो मेंढपाळ राणीला वश करून राजाचा घात करतो. पकडले जाण्याचे भय संपले की न्यायही संपतो, असे ग्लाउकॉनचे म्हणणे. ही किल्ली म्हणजे त्या अंगठीचेच एक दुबळे भावंड नव्हे काय? शिवाय अर्वाचीन काळातील एक निरीक्षण या शंकेला बळ देते. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा बालसंगोपनगृहांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला; त्यांचा निबंध २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहापैकी सहा ठिकाणी दंड बसविला, तेव्हा उशिरा येणारे घटण्याऐवजी वाढले. आणि दंड उठविल्यानंतरही ते पूर्वपदावर आले नाहीत. ज्या ठिकाणी भीड होती तेथे दर आला, आणि दर गेल्यावर भीड परत आली नाही. अनामतीच्या सवयीत वाढलेल्या मनाची तीच गत झाली असली, तर अनामत काढून घेणारी किल्ली त्याच्या हाती देणे हे त्याला स्वातंत्र्य देणे ठरेल की आधार काढून घेणे, हा प्रश्न मी हलका मानीत नाही.

उलटपक्षी, किल्ली वापरणे म्हणजे दुकानाची फसवणूक, असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझे मन जुळत नाही. दुकानाचा हेतू ट्रॉली परत यावी एवढाच आहे, नाणे हा त्याचा उपाय आहे. हेतू पाळून उपाय सोडणाऱ्याने काही चोरलेले नाही. ज्याच्या खिशात सुटे नाणे नाही, ज्याची बोटे वार्धक्याने थरथरतात आणि जाडसर किल्लीच त्यांत नीट धरता येते, त्याला अडवून धरण्यात कोणताही धर्म नाही. पण किल्लीवाल्याने एक गोष्ट ध्यानी घेतलीच पाहिजे, कारण ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. नाणे आत असलेली ट्रॉली कोणी वाहनतळावर टाकून गेला तर ते नाणे दुसऱ्या कोणाचे तरी होते. एखादा मुलगा, एखादा गरजू मनुष्य ती रांगेत नेऊन लावतो आणि युरो घेतो. पहिल्याच्या आळसाचे प्रायश्चित्त त्याच्याच पैशाने आपोआप घडते. किल्लीने सोडविलेली ट्रॉली टाकून दिली तर ती खऱ्या अर्थाने अनाथ होते: तिला परत नेण्यात कोणाचाच लाभ नाही, आणि अखेर संध्याकाळी दुकानाच्या नोकरालाच ती शोधत वाऱ्यात हिंडावे लागते. म्हणून किल्ली वापरणाऱ्याचा आळस हा नाणे टाकणाऱ्याच्या आळसाहून अधिक सदोष होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कारागिराकडे वळतो, कारण माझ्या आदराचा विषय तोच आहे. किल्ली मोडते तेव्हा केवळ तिच्या मालकाची गैरसोय होते असे नाही. मानेशी तुटलेले डोके पेटीच्या आत फसून बसते, आणि ती ट्रॉली त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला निरुपयोगी होते. बळकट किल्ली घडविणे हे म्हणूनच, सौख्यसाधनाच्या आधी, अहिंसेचे अंग आहे. आणि ते सोपे नाही. फटीच्या मापामुळे जाडी नाण्यापेक्षा वाढविता येत नाही. आणि वाकणाऱ्या पट्टीचे बळ रुंदीच्या प्रमाणात पण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जो नियम आर्चेत्री येथे स्थानबद्ध असलेल्या गॅलिलिओच्या लाइडन येथे १६३८ साली छापलेल्या ग्रंथात आला, त्याप्रमाणे जाडी गोठली म्हणजे बळाचा मुख्य मार्गच बंद होतो. मान रुंद करावी तर ती आत अडकते. उरतात त्या तीन गोष्टी: द्रव्य, थरांची दिशा आणि कोपरे. प्रिंटर वस्तू थरावर थर चढवून घडवितो आणि दोन थरांमधील सांधा हाच तिचा दुबळेपणा असतो; म्हणून किल्ली उभी न छापता आडवी निजवून छापावी, म्हणजे थर मानेच्या लांबीबरोबर धावतात. पीएलए हे सर्वांत प्रचलित प्लॅस्टिक ताठ पण ठिसूळ असते आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हात उभ्या मोटारीत राहिलेली किल्ली वाकडी होऊ शकते. पीईटीजी अधिक चिवट. आणि डोके जेथे मानेला मिळते तेथला आतला कोपरा काटकोनी ठेवला तर सारा ताण तेथेच एकवटतो, हे इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली भेगा आणि तीक्ष्ण कोपरे यांचे गणित मांडून दाखविले आहे. तो कोपरा थोडा गोलावला तर तीच किल्ली, त्याच द्रव्यात, कितीतरी अधिक भार सोसते.

तो गोलावा वापरणाऱ्याच्या नजरेत येत नाही. आराखडा विनामूल्य सर्वांच्या हवाली करणाऱ्या माणसाला त्याबद्दल दाम मिळत नाही, आणि जी किल्ली मोडली नाही तिच्याबद्दल कोणी त्याला दुवाही देत नाही. रिकाम्या हाताने ट्रॉली लावून जाणारा आणि कोपरा गोलावणारा, हे दोघे मला एकाच पंक्तीतले वाटतात. तारण सुटल्यानंतरही दोघांचे काम पूर्णच होते.

आणि यावरूनच त्या कारागिरापुढे माझी एक सूचना आहे. कोणतीही वस्तू केव्हातरी मोडणारच. तेव्हा ती कोठे मोडावी हेही त्याने ठरवावे. पेटीच्या बाहेर, बोटांत धरण्याच्या भागावर, जुडग्याच्या छिद्राजवळ, हेतुतः एक दुबळी जागा राखावी आणि मान तिच्याहून निश्चितपणे बळकट करावी, म्हणजे बेताबाहेर जोर पडताच किल्ली बाहेर तुटेल, आत उरलेला तुकडा चिमटीत धरून ओढण्याइतका लांब राहील, नुकसान किल्लीच्या मालकाचे होईल आणि पाठीमागून येणाऱ्याची ट्रॉली मोकळीच राहील.