उभ्या मोटारीचे जतन

धुळ्यास आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे परदेशस्थ चिरंजीवांची दोन आसनांची वेगवान मोटार उभी आहे. हिवाळ्यात मोटार मिटून ठेवण्याची चाल थंड देशांतली; खानदेशात टायरांचा खरा वैरी उन्हाळा. ऊन व हवेतील ओझोन यांनी रबर तडकते, आणि सारा भार महिनोन्‌महिने एकाच जागी पडला की टायर तेथे चपटा होतो. म्हणून हे गृहस्थ हवा भरलेली ठेवतात, चाकांवर जाड कापड घालतात, दर पंधरवड्यास मोटार हातभर ढकलतात. २०२० च्या टाळेबंदीतही हा नेम चुकला नाही.

अपरिग्रहावर व्याख्याने देणारे आम्ही! आम्हांस ही निव्वळ आसक्ती वाटली. परंतु आमच्या वाडवडिलांनीही, लाकूड आकसून धाव सुटू नये म्हणून, बैलगाडीच्या चाकांना पाणी पाजलेच होते. त्यास कोणी आसक्ती म्हटले नाही. भेद एवढाच, की ती गाडी उद्या जुंपावयाची असे. रबरातील संरक्षक द्रव्येही टायर धावता राहिला तरच पृष्ठभागी नीट येतात. मग केवळ राखणे हे विश्वस्ताचे कर्तव्य पुरे होते काय?

“जळगावपर्यंत एकदा फिरवून आणा की,” आम्ही म्हणालो.

“ती त्याची आहे,” स्नेही उत्तरले, आणि मोटार ढकलण्यास त्यांनी आमचा हात मागितला.