काम नसताना पोलिस ठाण्यात जा
भिवंडीत 1970 मध्ये हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि 1984 मध्ये पुन्हा झाली. यंत्रमागांच्या या शहराचे नाव निघाले की पोलिसांच्या पोटात गोळा यायचा. बाबरी मशीद पाडल्यावर डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईतल्या दंगलींत सुमारे 900 माणसे मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. याचे मोठे श्रेय मोहल्ला समित्यांना जाते. पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या 1988 नंतर उभ्या केल्या होत्या.

शांतता समित्या सगळीकडेच असतात. सणाच्या तोंडावर पोलिस ठाण्यात चहा, ठरलेले चार पुढारी आणि फोटो. खोपडे यांनी गल्लीतली साधी माणसे घेतली, दोन्ही धर्मांची, आणि बैठक बीटच्या, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांकडे सोपवली. नळावरची, घरातली भांडणे तिथे मिटू लागली. अफवा उठली तेव्हा कुणाला विचारायचे, हे लोकांना आधीच ठाऊक होते.

मला यातला हवालदार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सामान्य माणसाची गाठ आयुक्तांशी पडत नाही, ठाण्यात अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदाराशी पडते. शेजाऱ्याने मारले म्हणून एखादी बाई येते. अंमलदार मान वर न करता म्हणतो, “एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो, पुढे कोर्टात जा.” त्या कागदाची घडी पर्समध्ये ठेवताना पोलिसांविषयीचे तिचे मत कायमचे ठरून जाते. तो अंमलदारही रात्रभर बंदोबस्त करून आलेला असतो, सणाला त्याची रजा रद्द झालेली असते. त्याला माणसासारखे वागवल्याशिवाय त्याच्याकडून माणुसकी मागणे मला अन्यायाचे वाटते.

आणि हा विश्वास एकदा कमावला म्हणून पुरत नाही. त्याच भिवंडीत 2006 मध्ये पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर चाललेले काम त्याच्या बदलीनंतर टिकायचे, तर ते खात्याच्या रोजच्या कामात बसवावे लागते. किती गुन्हे उघडकीस आणले हे जसे विचारले जाते, तसे किती तंटे मिटवले हेही हवालदाराला विचारले जावे आणि बढतीच्या वेळी ते मोजले जावे.

हे शासनाने करायचे. आपणही एक करू शकतो: या आठवड्यात, काही काम नसताना, जवळच्या ठाण्यात जा आणि आपल्या बीटचा हवालदार कोण ते विचारून त्याला भेटा.