खेळाचे नियम कोणाच्या हाती?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला, तेव्हा गाजली ती त्यातली बंदी. पैसे लावून खेळायच्या रमी-पोकरपासून काल्पनिक संघ रचून खेळायच्या ‘फँटसी’ क्रिकेटपर्यंत सगळे एकदम बेकायदा ठरले. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही बातमी घरोघरी पोहोचली. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अंगाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ज्या स्पर्धेचा निकाल केवळ कौशल्यावर लागतो आणि जिच्यात पैज नाही, तिला ई-स्पोर्ट्स म्हणून मान्यता द्यावी, तिच्यासाठी प्रशिक्षण अकादम्या आणि संशोधन संस्था उभ्या कराव्यात, असेही हा कायदा सांगतो. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सची जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे दिली होती. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यात पदके दिली गेली आणि २०२५ च्या बिहारमधल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ते प्रदर्शनीय खेळ म्हणून आले. सरकारी कागदावर मान्यता अशी टप्प्याटप्प्याने येते, आणि मग एके दिवशी तो कागद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडतो. त्या दिवशी काय करायचे, याचा विचार आधी झालेला बरा.

रत्नागिरी जिल्ह्यात खेळ तर त्या कागदाच्या कितीतरी आधी येऊन पोहोचला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली आणि ज्या घरात मुलाच्या हाती फोन देणे हा बेशिस्तपणा समजला जात होता, तिथे तो अभ्यासाचे साधन म्हणून विकत घ्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र हातातच राहिला. इथल्या वस्तीची ठेवणही त्याला पूरक आहे. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, बरोबरीची मुले मोजकी, कित्येक घरांतले वडील नोकरीसाठी मुंबईला, आणि पावसाळ्याचे चार महिने मैदान म्हणजे नुसता चिखल. अशा संध्याकाळी सहा वाड्यांतली सहा मुले एका फोनवरच्या खेळात एकत्र येत असतील, तर त्यांना निव्वळ आळशी किंवा बिघडलेली म्हणणे अन्यायाचे आहे. ती सवंगडी शोधत आहेत. माझे म्हणणे त्यामुळे साधे आहे: मुले खेळणारच आहेत, तर शाळा-महाविद्यालयांनी या खेळाला आपल्या छताखाली जागा द्यावी, पण ती अशा रीतीने द्यावी की मूल कंपनीचे गिऱ्हाईक म्हणून आत येऊन गिऱ्हाईक म्हणूनच बाहेर पडणार नाही.

बसून बोटांनी खेळायचा तो कसला खेळ, हा पहिला आक्षेप. तो निदान रत्नागिरीत तरी टिकू नये. कॅरमच्या पाटाला या शहराने फार पूर्वी खेळाचा मान दिला. आकांक्षा कदमसारखी मुलगी इथूनच राष्ट्रीय पातळीवर पोहोचली आणि तिच्या स्ट्रायकरमागची एकाग्रता व्यायाम आहे की नाही, असे कोणी विचारले नाही. ई-स्पोर्ट्समध्येही हाताची अचूकता, क्षणात निर्णय घेणे, चार सहकाऱ्यांशी सतत बोलत डाव आखणे लागते. पण याच शहराच्या दुसऱ्या आवडत्या खेळाकडे पाहिले की खरा फरक लक्षात येतो. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार यांच्यामुळे खो-खोच्या नकाशावर रत्नागिरीचे नाव ठळक झाले. त्या खो-खोचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले ते १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या समितीकडून. पुढे क्रीडामंडळांनी, शिक्षकांनी आणि खेळाडूंनी वाद घालत ते बदलले. खो-खोचा मालक कोणी नाही. उद्या एखादी संघटना मोडली तरी दोन खुंट ठोकून, रेघा मारून खेळ सुरू राहील. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो आरंभापासून अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा असतो. पात्रांची ताकद किती, मैदान कसे, कोणी कधी खेळायचे, हे सारे मालक ठरवतो आणि एका रात्रीत बदलू शकतो.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही, त्याची किंमत आपल्या खेळाडूंनी मोजली आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय असताना तीर्थ मेहताने हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवले. पुढच्या स्पर्धेत तो खेळ पदकांच्या यादीत होता, पण त्याची निर्माती अमेरिकी कंपनी आणि चीनमधली तिची भागीदार यांचा करार संपला आणि हांगचौच्या यादीतून हार्थस्टोन वगळला गेला. तयारी करणाऱ्या खेळाडूंचा यात काहीच दोष नव्हता. भारतातही २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये अडवला गेला आणि तब्बल दहा महिन्यांनी परतला. सुरक्षेची कारणे योग्य होती की नव्हती हा वेगळा विषय. पण एखाद्या महाविद्यालयाने त्या एकाच खेळावर संघ, शिष्यवृत्ती आणि वेळापत्रक उभे केले असते, तर त्या दहा महिन्यांत विद्यार्थ्यांना काय सांगितले असते? म्हणून शिक्षणसंस्थेने एका खेळाला बांधून घेऊ नये, एवढा धडा तरी यातून घ्यायला हवा.

अमेरिकेचा अनुभव इथे दोन वेगळ्या वाटा दाखवतो. २०१४ मध्ये इलिनॉयमधल्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने लीग ऑफ लेजंड्स खेळणाऱ्यांना शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, तेव्हा जगभर कुतूहल झाले. पुढच्या काही वर्षांत शेकडो महाविद्यालयांनी संघ उभारले. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने डझनावारी संगणकांचे खास दालन सुरू केले. आपल्याकडे ई-स्पोर्ट्सच्या सुविधा म्हटल्या की रंगीत दिव्यांचे, महागड्या खुर्च्यांचे हेच दालन डोळ्यांपुढे येते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते अर्व्हाइनच्याच संशोधकांनी ऑरेंज काउंटीतल्या माध्यमिक शाळांबरोबर केलेले काम. त्यांनी शाळांच्या स्पर्धेला अभ्यासक्रम जोडला. सामन्याचे विश्लेषण लिहिणे, समालोचन करणे, स्पर्धेचे आयोजन करणे, आकडेवारी मांडणे, या भूमिका खेळण्याइतक्याच मानाच्या ठरवल्या आणि भाषेच्या तासाशी त्यांची सांगड घातली. पाच जणांच्या संघामागे अशी वीस मुले कामाला लागतात. त्यातली बहुतेक कधीच व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, आणि कोणी तसे सांगून त्यांना फसवूही नये. या क्षेत्रात खेळून पोट भरणारे फार थोडे आणि त्यांची उमेदीची वर्षेही थोडी. पण नीट लिहिता येणे, सभा चालवता येणे, हरल्यावर नोंदी काढून चूक शोधता येणे यांचा उपयोग विशीनंतर संपत नाही.

व्यसनाचा आक्षेप मात्र असा सहज बाजूला सारता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले असून ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी वेगळे उपचार केंद्र चालते. झोप उडालेले, चिडचिडे झालेले, शाळा सोडू पाहणारे मूल ज्या घरात आहे त्या आईला आशियाई पदकांचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. प्रश्न उपायाचा आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते पहाटे सहापर्यंत ऑनलाइन खेळायला मनाई केली. मुले मोबाइलवरच्या खेळांकडे वळली, तिथे तो नियम लागू नव्हता, आणि दहा वर्षांनी सरकारने स्वतःच तो मागे घेण्याचा निर्णय घेतला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना आठवड्याला तीन तासांची मर्यादा घातली. ती अमलात आणायला लागणारी पाळत आपल्या लोकशाहीत शक्य नाही, आणि नसावीही. उरतो तो मधला मार्ग: खेळ चार भिंतींत, पांघरुणाखाली, एकट्याने होतो तो चार जणांसमोर, ठरल्या वेळी, शिक्षकाच्या नजरेखाली आणणे. व्यायामशाळेने कुस्तीला जी शिस्त दिली तीच इथे हवी: सरावाचे तास बांधलेले, झोप आणि मैदानी व्यायाम सक्तीचा, हजेरी घसरली तर संघाबाहेर. शिस्तीने विकार बरा होणार नाही, त्याला डॉक्टरच लागेल. पण विकार सुरू होतो आहे हे ओळखणारा एक मोठा माणूस तिथे असेल. मुलींसाठीही हे छप्पर गरजेचे आहे. अनोळखी खेळाडूंच्या शिव्या ऐकाव्या लागू नयेत म्हणून आवाज बंद ठेवून किंवा मुलाचे नाव घेऊन खेळण्याची वेळ त्यांच्यावर येते. खो-खोत राज्य गाजवणाऱ्या मुलींच्या जिल्ह्यात हे चालवून घेऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. जिथे पटसंख्येअभावी शाळा बंद पडण्याची धास्ती आहे, वादळाने खांब पडले की दिवसेंदिवस वीज नसते, रत्नागिरीतल्या मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमपर्यंत सरावाला यायला लांजा-राजापूरच्या मुलांना तासन्‌तास एसटीत घालवावे लागतात, तिथे संगणकांचे दालन बांधा म्हणणे अनेकांना चीड आणेल. खो-खोच्या मॅटचा पैसा तिकडे वळवायचा असेल तर माझाही विरोधच राहील. पण वेगळा पैसा येऊ घातला आहे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या प्रयोगशाळा १५,००० माध्यमिक शाळांत आणि ५०० महाविद्यालयांत उभारण्याची घोषणा झाली आहे, आणि ते काम मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या आधाराने व्हायचे आहे. या प्रयोगशाळा खेळ घडवायला शिकवण्यासाठी आहेत, आणि मालकीच्या प्रश्नावर मला दिसणारे उत्तर तेच आहे. नियम दुसऱ्याच्या हातात असलेला खेळ खेळता खेळता नियम कसे लिहिले जातात हे मुलाला कळले, आपण एक आकडा बदलला की डाव कसा फिरतो हे त्याने करून पाहिले, की खेळातली नशिबाच्या बक्षिसांची पेटी पुन्हापुन्हा उघडायला आपल्याला कोण आणि का खुणावते आहे, हेही त्याला दिसू लागते.

रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, फिनोलेक्स अकादमी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. संगणक आणि ते जाणणारे शिक्षक तिथे आजही आहेत. ५०० महाविद्यालयांच्या यादीत त्यांपैकी एकाचे नाव यावे यासाठी लोकप्रतिनिधींनी प्रयत्न करावा. तिथे शनिवारी दुपारी तालुक्यातल्या शाळांचे संघ यावेत, येण्याजाण्याचा एसटीचा खर्च त्या योजनेतूनच मिळावा, आणि पहिल्या वर्षी नवी खुर्ची घेण्याआधी एका क्रीडाशिक्षकाला आणि एका संगणकशिक्षकाला एकत्र बसवून सरावाचे, विश्रांतीचे आणि संघनिवडीचे नियम लिहायला सांगावे.