विकर्ण बोलला, कर्ण नाही



आजचं वाचन सभापर्वातलं, द्यूताचं. द्रौपदी भरसभेत प्रश्न विचारते. भीष्मांनाही नीट उत्तर देता येत नाही. कौरव भावांपैकी एकटा विकर्ण उठून म्हणतो, ही धर्माने जिंकलेली नाही. आणि त्याला गप्प कोण करतं? दुर्योधनाचा जिवलग मित्र कर्ण.

परवा दहावीतल्या एका मुलाने मला विचारलं, "दादा, मित्राने प्रिलिमला कॉपी केली. सरांनी विचारलं तर काय सांगू? खरं बोललो तर दोस्ती गेली."

मी त्याला म्हटलं, आधी मित्राला एकट्याला गाठ. गीतेच्या १७व्या अध्यायात, १५व्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय: बोलणं खरं हवं, हिताचं हवं आणि समोरच्याला न बोचणारं हवं. म्हणून वर्गाच्या ग्रुपवर काही टाकू नकोस. त्याला सांग, "तू स्वतः सरांकडे जा, मी बरोबर येतो. पण मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

तो चिडेल. कदाचित बोलणंही बंद करेल. हे मी लपवलं नाही.

पण बघा, विकर्णाने भावाला सोडलं नाही. युद्धात तो दुर्योधनाकडूनच लढला आणि भीमाच्या हातून पडला. भीमालाही वाईट वाटलं. साथ कर्णानेही शेवटपर्यंत दिली, पण त्या दिवशी सभेत दुर्योधनाला आवरलं नाही.

तुमचा मित्र चुकत असेल, तर आज त्याला एक फोन करा.

जय हरी!