घासलेला दगड

परवाचीच गोष्ट. वसुबारस दोन दिवसांवर आली होती आणि आमच्या बेलापूरच्या इमारतीच्या अंगणात पोरांचा किल्ला उभा राहत होता. नातवाने पारसिकच्या डोंगरावरून चार दगड आणले. काळेकुट्ट, मधूनमधून राखी ठिपक्यांचे. महाराजांच्या गडाला असले मळकट दगड शोभायचे नाहीत, म्हणून मी तारेचा ब्रश घेतला आणि एक दगड घासून लख्ख केला.

"आजोबा, मेलं का हो ते सगळं?" नातवाने विचारले. "बाई म्हणाल्या, तो काळा रंग जिवंत असतो."

मी हसलो, पण बाईंचे खरे होते. आपला हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ऊनपावसाने त्यातले लोखंड गंजते आणि दगडावर तांबूस-तपकिरी पापुद्रा धरतो. त्यावर नीलहरित जीवाणू वस्ती करतात. उन्हापासून बचाव म्हणून ते अंगाभोवती गडद वेष्टन घेतात. उन्हाळाभर सुकून निपचित पडतात आणि पावसाबरोबर पुन्हा कामाला लागतात. राखी ठिपके ही आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. त्यांतली कित्येक वर्षाला मिलीमीटरभरही वाढत नाहीत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि तो या नीलहरित जीवाणूंच्याच पूर्वजांनी सोडलेला. म्हणजे ज्या श्वासाच्या बळावर मी ब्रश चालवला, तोही मुळात त्यांचाच!

मग मी पाप केले काय? नुसते हात धुतले तरी असंख्य जीवाणू मरतात. पारसिकच्या पायथ्याच्या खाणींतून निघालेल्या खडीवर या शहराची घरे उठली. विमानतळासाठी उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी सपाट झाली, आणि विमानाने येणाऱ्या लेकीची वाट मीही पाहतोच. तेव्हा अहिंसेचा आव मला आणता येणार नाही.

पण खडीचे निदान घर झाले. माझा ब्रश कशासाठी चालला? केवळ शोभेसाठी. आपली दया सहसा आपल्याकडे डोळे उचलून पाहणाऱ्यापुरतीच असते. जो पाहत नाही, ओरडत नाही, त्याला आपण मळ म्हणतो आणि मोकळे होतो. गरजेपोटी केलेल्या नाशाचे समर्थन तरी करता येते. नजरेला खुपले म्हणून केलेल्या नाशाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उरलेले तीन दगड तसेच किल्ल्याला लावले. गड काही कमी शोभला नाही. दिवाळी सरली की चारही दगड डोंगरावर नेऊन ठेवायचे, असे आमचे ठरले आहे. घासलेल्या दगडावर काळा रंग पुन्हा चढलेला मला काही दिसायचा नाही. नातवाला कदाचित दिसेल.