मिटल्या डोळ्यांपुढे पांडुरंग

सज्जनहो, करमाळे तालुक्यातील केम हे गाव कुंकवाबद्दल महाराष्ट्रात नावाजलेले आहे. कुंकवाचे मूळ हळदीत. हळद पिवळी, पण चुना लागला की लाल होते, हे आपल्या मायबहिणी जाणतात. हळदच नसेल तर नुसता चुना काय रंगणार? आठवणीचेही तसेच आहे. डोळे, कान, नाक, त्वचा जे आणून देतात ती हळद. मनाची ओढ हा चुना. दोहोंच्या मिळणीतून आठवण होते. म्हणून ती पाहिलेल्याची हुबेहूब नक्कल नसते.

परीक्षा पाहा. वर्षानुवर्षे वारी करता ना? मग गेल्या खेपेस देवाच्या अंगावर कोणत्या रंगाचे वस्त्र होते, सांगा बरे! बहुतेकांना सांगता यायचे नाही. पण पायांवर डोके टेकले तेव्हाचा गारवा आणि तुळशीचा वास कपाळात बसलेला असतो. जिथे जीव गुंतला, तेच मनाने राखले.

पुष्कळ जण आम्हांस हळूच विचारतात, "महाराज, ध्यान करा म्हणता, पण डोळे मिटले की नुसता अंधार. आमची भक्ती उणी काय?"

नाही हो माउली! १८८० साली गाल्टन या इंग्रज पंडिताने लोकांना सकाळच्या न्याहारीचे मेज मनात आणून पाहावयास सांगितले होते. कोणास ते लख्ख दिसले, कोणास धूसर, तर कोणास मुळीच नाही. असे चित्र न उमटण्यास झेमन आदी संशोधकांनी २०१५ साली 'अफँटेझिया' हे नाव दिले. तो आजार नव्हे, पापही नव्हे. अशी माणसे पाहिलेले ओळखतात, गोष्टी आठवतात. चित्र तेवढे उमटत नाही.

आणि आपल्याच घरचा दाखला घ्या. गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी त्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरमाउलींची कन्या मानले आणि विपुल ग्रंथरचना केली. त्यांची भक्ती डोळ्यांवाचून अडली काय?

तेव्हा रूप दिसले तर आनंद माना, पण त्याचा तोरा मिरवू नका. न दिसले तर खंत करू नका. टाळाचा नाद धरा, तुळशीचा वास धरा, मुखी नाम धरा. एक दार बंद असले म्हणून देव माघारी जात नाही. इंद्रियांची आणखी दारे त्यानेच ठेवली आहेत.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!